दोन चित्रांच्या मधली माणसं

1990 च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या चाळीत नळाला पाणी आलं तरी पोरं जागची हलायची नाहीत. गाणं हिंदी, जंगल आपलं, बघिरा आणि शेरखान ही नावंही आपली. त्यामुळे ही मालिका इथेच कुठेतरी तयार होत असणार अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ती केली होती टोकियोच्या पश्चिमेला तामा इथे असलेल्या निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओनं. 1989 मध्ये जपानात सुरू झालेले 52 भाग, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. हे मला कळलं तेव्हा मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत लाइटबॉक्सपुढे बसून, मी कधी न पाहिलेल्या देशातल्या मुलांसाठी चित्रं काढत होते. आमचा रविवार तामातल्या लोकांनी काढला, त्या न पाहिलेल्या देशातल्या मुलांचा मी काढत होते.

तेव्हापासून दोन प्रश्न मनात आहेत. ॲनिमेशनपटाचा दिग्दर्शक नेमकं करतो काय? आणि या धंद्यामुळे एखादं महानगर भरभराटीला येतं, तेव्हा ती भरभराट कुणाच्या घरापर्यंत पोचते? वरवर पाहता पहिला प्रश्न कलेचा आणि दुसरा अर्थकारणाचा. पण मी जितकं त्या टेबलावर बसले, तितकं मला दिसत गेलं की दोन्हींची उत्तरं एकाच कागदावर लिहिलेली असतात. हे समजून घ्यायला टोकियोसारखं दुसरं शहर नाही, म्हणून तिथलीच गोष्ट सांगते.

आधी दिग्दर्शन. खऱ्या नटांच्या सिनेमात दिग्दर्शकाला पुष्कळ गोष्टी आयत्या मिळतात. नटीचे केस वाऱ्यानं उडतात, मागून एखादं कुत्रं जातं, संध्याकाळचं ऊन भिंतीवर सरकतं. चार-पाच वेळा चित्रण करून त्यातलं चांगलं निवडता येतं. ॲनिमेशनमध्ये आयतं काहीच येत नाही. वारा हवा असेल तर तो कुणीतरी काढायचा, आणि काढायचा म्हणजे किती, कुठून आणि किती वेळ, हे आधी ठरवायचं. इथे संकलन शेवटी नसतं, जवळजवळ सगळं सुरुवातीलाच उरकतं. एक सेकंद जास्तीचा काढून मग कापून टाकणं म्हणजे कुणाचे तरी दोन-तीन दिवस कचऱ्यात टाकणं.

म्हणून जपानी दिग्दर्शकाचं खरं हत्यार म्हणजे ‘ए-कोन्ते’, आपण ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतो ते. उभा कागद, त्यावर वरून खाली पाच चौकटी, शेजारी कृती, त्यापुढे संवाद, आणि अगदी कडेला वेळ: इतके सेकंद, इतक्या फ्रेम. चौकटीतलं चित्र साधं असलं तरी चालतं. इसाओ ताकाहाता स्वतः चित्रकार नव्हते, तरी ॲनिमेशनमधले फार मोठे दिग्दर्शक झाले. कडेचा वेळ मात्र चुकून चालत नाही. माझ्या मते ॲनिमेशनचा दिग्दर्शक म्हणजे वेळ वाटणारा माणूस.

एक प्रसंग घेऊ. आजी पाण्यानं भरलेला तांब्या नातीच्या हातात देते. दीड सेकंदाचं काम. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनं धावतो, म्हणजे 36 फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायची गरज नसते. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर 18 चित्रं लागतील, तीन फ्रेम धरलं तर 12. पण आजी आणि नात वेगवेगळ्या थरांवर असतील, तर हे प्रत्येकीसाठी वेगळं मोजायचं. मग त्यात अभिनय येतो. तांब्या भरलेला आहे हे प्रेक्षकाला कशावरून कळणार? आजीची बोटं सुटतात त्या क्षणी नातीचं मनगट किंचित खाली जातं, कोपर अंगाशी येतो, पाणी काठाला लागून एक थेंब पायावर पडतो, आणि मग ती दुसरा हात खालून लावते. हे सगळं काढलं तर प्रेक्षकाला न सांगता तांब्याचं वजन कळतं. मनगट खाली गेलं नाही, तर तो तांब्या थर्माकोलचा वाटतो.

आता दुसरा दिग्दर्शक हाच प्रसंग असा करेल: हात दाखवायचेच नाहीत. आजीचा चेहरा, डोळे खाली, पाणी हिंदकळल्याचा आवाज आणि तिचं एक वाक्य, ‘सांभाळून गं’. तीन-चार चित्रांत काम झालं. हेही उत्तम दिग्दर्शन असू शकतं. आजीची काळजी कदाचित इथे जास्त जाणवेल. पण पहिल्या निवडीत दहा-बारा माणसांचा आठवडा आहे, दुसऱ्या निवडीत एका माणसाची दुपार. कडेच्या रकान्यात दिग्दर्शक जे आकडे लिहितो, त्यांची पुढे कुणाची तरी जागरणं होतात. मी ज्या कागदाबद्दल म्हणाले तो हाच.

ही चित्रं सगळी एकच माणूस काढत नाही. हालचालीतल्या मुख्य अवस्था, म्हणजे हात पुढे आला, तांब्या सुटला, मनगट खाली गेलं, या काढतो तो मुख्य ॲनिमेटर. जपानीत त्या चित्रांना ‘गेंगा’ म्हणतात, आमच्याकडे सरळ ‘कीज’. चेहरे सगळीकडे सारखे राहावेत म्हणून चित्रांचा एक वेगळा दिग्दर्शक त्यावर हात फिरवतो. आणि दोन कीजच्या मधल्या सगळ्या अवस्था काढतो तो इनबिटवीनर, जपानीत ‘दोगा’ काढणारा. खाली दिवा, काचेवर एक की, तिच्यावर दुसरी, वर कोरा कागद. दोन्ही रेषांच्या मधोमध तिसरी रेष, आणि तीही कापरी न होता एका दमात. कागद हलू नये म्हणून पेगबारच्या खुंट्यांत अडकवलेला. दिवसभरात टेबलावर खोडरबराचा भुगा साठतो आणि करंगळीची कड शिशानं चकाकायला लागते. रंग, पार्श्वभूमी, जोडणी हे पुढचे टप्पे. हल्ली बरंचसं स्क्रीनवरच होतं, पण कामाची विभागणी अजून तीच आहे.

आकडा किती मोठा होतो ते पाहा. हायाओ मियाझाकींच्या 2008 च्या ‘पोन्यो’ला सुमारे 1,70,000 चित्रं लागली. चित्रपट शंभर मिनिटांचा, म्हणजे जेमतेम 1,45,000 फ्रेम. फ्रेमपेक्षा चित्रं जास्त, कारण समुद्राच्या एकेका फ्रेममध्ये अनेक थर एकावर एक आहेत. टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या भागाला साधारण तीन ते पाच हजार चित्रांत भागवावं लागतं.

हे भागवणं सुरू कधी झालं, याला तारीख आहे: 1 जानेवारी 1963. त्या दिवशी ओसामू तेझुका यांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’नं दर आठवड्याला अर्धा तास चालणारी ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका सुरू केली. त्याआधी टोकियोच्या नेरिमा भागात, ओइझुमीला, 1956 साली स्थापन झालेली तोएई ही मोठी कंपनी होती. तिनं 1958 मध्ये जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट काढला. पण सिनेमा वर्षाला एक-दोन. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा म्हणजे चित्रं कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेझुकांच्या मंडळींनी एका भागाची चित्रं दोन हजारांच्या आसपास आणली. एक चित्र तीन फ्रेम धरायचं, बोलताना फक्त ओठ हलवायचे, चालण्याची जुनीच चित्रं पुन्हा वापरायची, स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवायचा. या काटकसरीतून जपानी ॲनिमेशनची स्वतःची भाषा घडली. स्तब्धता, एकाएकी येणारा वेग, डोळ्यांवर थांबणारी नजर, हे तिचंच देणं. मला ती भाषा मनापासून आवडते.

त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट घडली. तेझुकांनी मालिका टीव्हीला खर्चापेक्षा कमी किमतीत दिली. तूट भरून निघाली ती परदेशातल्या विक्रीतून आणि चॉकलेटच्या डब्यातून मिळणाऱ्या स्टिकरसारख्या वस्तूंच्या हक्कांतून. ज्याच्याकडे हक्क होते त्याला हे परवडत होतं. नंतरच्या बहुतेक स्टुडिओंकडे हक्क नव्हते, पण स्वस्त दर मात्र पडून गेला. या गोष्टीचा पुढचा सगळा भाग इथून निघतो.

मुशी प्रॉडक्शन 1973 मध्ये दिवाळखोरीत गेलं. तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी जवळपासच नवे स्टुडिओ थाटले. 1972 ची सनराइज आणि त्याच वर्षीची मॅडहाऊस ही त्यातलीच. नेरिमा आणि त्याला लागून असलेला सुगिनामी, असा पश्चिम टोकियोचा पट्टा तयार झाला. तेव्हा तिथे शेतं शिल्लक होती, जागा स्वस्त होत्या, आणि सेइबू व चुओ या रेल्वेमार्गांनी शहर हाकेच्या अंतरावर होतं. सुगिनामीतल्या कामी-इगुसा स्टेशनाबाहेर आज सनराइजच्या गुंडम यंत्रमानवाचा पुतळा उभा आहे.

स्टुडिओ एकमेकांना इतके चिकटून का, याचं उत्तर रात्रीच्या रस्त्यावर मिळतं. चित्रं कागदावर होती तेव्हा ती एका घरातून दुसऱ्या घरी न्यावी लागत. हे काम ज्याच्याकडे असतं त्याला ‘सेइसाकू शिंको’ म्हणतात: गाडी घ्यायची, मध्यरात्री ॲनिमेटरच्या दारात उभं राहायचं, झालेल्या कटचं, म्हणजे एका सलग दृश्याच्या चित्रांचं, पाकीट उचलायचं, पहाटेपूर्वी चित्रांच्या दिग्दर्शकाच्या टेबलावर ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेरी. अशा फेऱ्या मारायच्या तर सगळे पंधरा-वीस मिनिटांच्या आत असायला हवेत. उद्योगांचं असं एका जागी गोळा होणं महानगराला फार मानवतं. एका स्टुडिओतलं काम संपलं तर माणसाला दुसरं काम पुढच्याच गल्लीत मिळतं, कसब एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जातं, रंगवाले, आवाजवाले, संकलक तिथेच दुकानं मांडतात. 2020 च्या एका मोजणीत जपानभरात 811 ॲनिमेशन कंपन्या होत्या, त्यातल्या 692 टोकियोत, आणि एकट्या सुगिनामीत 149.

आता पैसा. जपानी ॲनिमेशनची बाजारपेठ 2023 मध्ये सुमारे 3.3 लाख कोटी येनची होती आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा परदेशातून आला. मात्र ज्यांनी चित्रं काढली त्या स्टुडिओंच्या गल्ल्यात आला तो यातला जेमतेम आठवा हिस्सा. बाकीचा जातो प्रसारण, खेळणी, संगीत, प्रकाशन, जाहिरात यांच्याकडे. कारण मालिकेमागे असते एक ‘निर्मिती समिती’. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, खेळण्यांची कंपनी, संगीत कंपनी असे पाच-सात जण पैसे घालतात आणि हक्क वाटून घेतात. मालिका आपटली तर नुकसान विभागलं जातं, हा तिचा गुण. म्हणूनच तिथे दरवर्षी इतक्या धाडसी मालिका निघतात. स्टुडिओ त्या समितीत नसेल तर तो केवळ कंत्राटदार. ठरलेली रक्कम घ्यायची, काम द्यायचं, विषय संपला. मालिका जगभर गाजली तरी सुगिनामीतल्या त्या इमारतीत एक येन जास्तीचा येत नाही.

कंत्राटदाराला वाढीव खर्च झेपत नाही. मग तो खालच्या माणसाला पगारावर न ठेवता नगावर काम देतो. एका इनबिटवीन चित्राला साधारण 200 येन हा दर वर्षानुवर्षं सांगितला जातो. महिन्याला 450 चित्रं काढली तर 90,000 येन. हिशेब ताडून पाहायचा तर जपानच्या ॲनिमेटर संघटनेनं 2015 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी आहे: इनबिटवीनरचं सरासरी वार्षिक उत्पन्न 11 लाख येन, म्हणजे महिन्याला 90,000 च्या आसपासच. त्याच पाहणीत या क्षेत्रातल्या लोकांचे कामाचे तास महिन्याला सरासरी 263 निघाले. टोकियोत एका खोलीचं भाडं दिल्यावर यातून हातात काय उरतं, ते कुणालाही कळेल.

नगाच्या दरात आणखी एक अन्याय दडलेला असतो, बाहेरच्यांना तो सहसा दिसत नाही. ओठ हलवणारं चित्र आणि भरलेल्या तांब्यातल्या पाण्याचं चित्र, दोन्हींचा दर बहुधा सारखाच. दिग्दर्शकानं मनगट खाली जाणारा प्रसंग निवडला, तर सिनेमा समृद्ध होतो आणि तो काढणारी मुलगी त्या महिन्यात गरीब होते. आमच्याकडे हिशेब फुटेजवर होता. 16 फ्रेमचा एक फूट, फुटाला इतके रुपये. घोड्यांच्या टोळीचा एक कट माझ्या वाट्याला आला होता. बारा दिवस गेले, भरले चार फूट. रिटेक आला तो वेगळा, आणि रिटेकचे पैसे नसायचे. तो कट पुढे पडद्यावर पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता, हेही खरं. दोन्ही भावना एकाच कामाच्या होत्या, आणि त्यातली दुसरी जपायची म्हणून पहिली मुकाट सोसायची, हे मला आजही मान्य नाही.

महानगराच्या समन्यायी वाढीचं मोजमाप माझ्यासाठी इथे येतं. एखाद्या भागात किती कंपन्या आल्या, किती कोटींची उलाढाल झाली, हे मोजणं सोपं असतं. पण पहिली दोन वर्षं तोट्यात काढायची ताकद कुणात असते, हे विचारलं की चित्र बदलतं. टोकियोत आईवडिलांच्या घरी राहणारा मुलगा ती दोन वर्षं काढतो. दूरच्या प्रांतातून आलेली मुलगी रात्री दुकानात काम करते, आणि मग एक दिवस गावी परत जाते. तरुण ॲनिमेटरांना स्वस्तात खोली मिळावी म्हणून टोकियोत लोकवर्गणीतून वसतिगृहं चालवली गेली, इतकी ही अडचण रोजची आहे. आमच्या तुकडीत लातूरकडचा एक मुलगा होता. त्याची रेष आमच्या सगळ्यांपेक्षा सरस होती. नालासोपाऱ्याला चौघांत एक खोली, मेसचा डबा, पगार दोन-दोन महिने उशिरा. दीड वर्षानं तो गेला. मी टिकले कारण डोंबिवलीला आईच्या हातचं जेवण होतं आणि भाडं द्यावं लागत नव्हतं. माझी रेष त्याच्यासारखी नव्हती. निवड कलेनं झाली नाही, घराच्या पत्त्यानं झाली.

खर्च आणखी कमी करायला काम परदेशी जायला लागलं. तोएईनं 1970 च्या दशकापासून दक्षिण कोरियाला आणि पुढे फिलिपाइन्सला चित्रं पाठवली, आणि फिलिपाइन्समध्ये तर स्वतःचा स्टुडिओच काढला. हे कोरियन किंवा फिलिपिनो चित्रकारांच्या विरोधात मुळीच नाही. त्या शहरांना त्यातून रोजगार मिळाला, मलाही तसाच मिळाला होता. प्रश्न शिडीचा आहे. इनबिटवीन करता करता माणूस वजन, वेग, थांबणं शिकतो, मग कीजवर जातो, मग कधीतरी दिग्दर्शनाला. ही पहिलीच पायरी शहराबाहेर गेली की इथे नवे मुख्य ॲनिमेटर तयार व्हायचे थांबतात. आणि जिथे ती पायरी जाते, तिथे वरच्या पायऱ्या जात नाहीत. गोष्ट, ए-कोन्ते, हक्क हे सगळं मूळ शहरातच राहतं. एकीकडे शिडीला तळ नाही, दुसरीकडे तिला टोक नाही.

मुंबई बराच काळ या दुसऱ्या बाजूला राहिली. सुरुवात तशी नव्हती. 1956 मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला, डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथे घडली. 1974 चा ‘एक अनेक और एकता’ फिल्म्स डिव्हिजनचाच, विजया मुळे आणि भीमसेन यांचा. साध्या रेषांत, मोजक्या चित्रांत, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिलेला. रामायणावरच्या जपान-भारत चित्रपटात युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर राम मोहन दिग्दर्शक होते. 1993 मध्ये तो भारतात दाखवला गेला. म्हणजे दिग्दर्शनाचं टोक इथे होतं. नंतर जे वाढलं ते मुख्यतः दुसऱ्यांचं काम करून देणं. आता मुंबईत या क्षेत्रासाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली आहे, गोरेगावच्या चित्रनगरीत तिला जागा दिली गेली आहे. मला आनंद आहे. पण तिथून शिकून बाहेर पडलेली मुलगी कसारा किंवा विरारहून रोज किती तास प्रवास करणार, पहिली दोन वर्षं तिला महिन्याचा पगार मिळणार की नगाचा, आणि तिनं घडवलेल्या पात्राच्या हक्कांत तिच्या स्टुडिओचा वाटा असणार का, या प्रश्नांची उत्तरं इमारतीच्या नकाशात नसतात. ती आताच मागायला हवीत.

जपानात काहींनी ही घडी बदलून दाखवली आहे. ‘किकी’ हा 1989 चा चित्रपट चालल्यावर मियाझाकींनी आग्रह धरला की त्यांच्या घिब्ली या स्टुडिओनं माणसं कायम नोकरीवर घ्यावीत, त्यांचं उत्पन्न दुप्पट करावं आणि नव्यांना स्वतः शिकवावं. 1992 मध्ये कोगानेइला नवी इमारत झाली, तिचा आराखडाही त्यांचाच. बाया मोठ्या संख्येनं काम करत होत्या म्हणून त्यांचं स्वच्छतागृह पुरुषांपेक्षा मोठं ठेवलं. ही व्यवस्था स्वस्त नव्हती. 2014 मध्ये घिब्लीला निर्मिती विभाग थांबवावा लागला, नंतर तो पुन्हा उभा राहिला. दुसरीकडे पी.ए. वर्क्सनं टोकियोपासून दूर, तोयामा प्रांतात काम उभं केलं. त्यांच्या 2011 च्या एका मालिकेत कानाझावाजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात कंदिलांचा उत्सव दाखवला होता. तो मालिकेसाठी रचलेला उत्सव गावकऱ्यांनी खरोखर सुरू केला आणि पुढे चालू ठेवला. संगणकामुळे चित्रांची पाकिटं गाडीनं न्यावी लागत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी सुगिनामीतच राहायची सक्ती आता उरलेली नाही.

सरकारनंही हात लावला आहे. 2010 पासून जपानच्या सांस्कृतिक खात्यानं तरुण ॲनिमेटरांना कामावरच शिकवण्यासाठी स्टुडिओंना पैसे दिले, अट अशी की त्यांच्याकडून पूर्ण लघुपट करून घ्यायचा आणि काम जपानातच करायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून नोकरीत नसलेल्या, स्वतंत्रपणे (फ्रीलान्स) काम करणाऱ्यांसाठी कायदा लागू झाला: कामाच्या अटी लेखी द्यायच्या, आणि काम हाती आल्यापासून साठ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे. एवढंसं वाटेल. ज्यानं तोंडी ठरलेल्या दरासाठी स्टुडिओच्या जिन्यावर दोन-दोन तास वाट पाहिली आहे, त्याला ते एवढंसं वाटणार नाही.

सगळ्यात दूरचा पल्ला गाठला तो क्योटो ॲनिमेशननं. क्योटोजवळ उजी इथे, 1981 मध्ये रंगकाम करणाऱ्या मोजक्या स्त्रियांपासून सुरू झालेली ही कंपनी. तिनं माणसं पगारावर ठेवली, स्वतःची शाळा काढली, शक्य तेवढं काम एकाच छताखाली केलं, आणि कादंबऱ्यांसाठी स्पर्धा घेऊन त्या स्वतःच छापायला लागली, म्हणजे गोष्टीचे हक्कही घरातच. नाओको यामादा तिथे इनबिटवीनर म्हणून लागल्या आणि 24 व्या वर्षी, 2009 मध्ये, ‘के-ऑन’ या मालिकेच्या दिग्दर्शक झाल्या. त्यांच्या चित्रपटांत मुलींचे पाय फार बोलतात. अवघडून एकमेकांवर ठेवलेले, पळताना क्षणभर अडखळलेले. असे कट नगाच्या दरानं काढून घेता येत नाहीत, कारण त्यात मनगट खाली जाण्यासारखं खूप काही असतं. ते शेजारच्या टेबलावर, महिन्याच्या पगारावर, शिकवत शिकवत काढले जातात.

18 जुलै 2019 रोजी एका माणसानं क्योटो ॲनिमेशनच्या स्टुडिओला आग लावली. 36 जण गेले. त्यात अनुभवी दिग्दर्शक होते, आणि कामाला लागून वर्षही न झालेली मुलंमुली होती. आदल्याच दिवशी त्यांचा एक चित्रपट पुरा झाला होता; दिग्दर्शक हारुका फुजिता. त्या कंपनीत वर्षभर काम झाल्याशिवाय श्रेयनामावलीत नाव येत नसे. फुजितांनी ठरवलं की या चित्रपटावर ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्या सगळ्यांची नावं जायची. सप्टेंबरमध्ये चित्रपट लागला. शेवटी पडदा काळा झाला आणि नावं वर सरकू लागली. त्यात दोगाच्या मथळ्याखाली, नुकत्याच कामाला लागलेल्यांचीही होती.